साथीचे दिवस आणि रस्त्यावरची खाद्यगाडी

कोलकाता शहरात एस्प्लनेडच्या जवळ डेकर्स लेन नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिचे अधिकृत नाव आता जेम्स हिकी सरणी असे आहे. परंतु दुपारी तेथे जेवावयास येणारा मनुष्य ते नाव क्वचितच घेतो. एक वाजला की आसपासच्या कचेऱ्यांतील कारकून, शिपाई, हमाल आणि कामानिमित्त शहरात आलेले खेडूत या गल्लीत लोटतात. कोठे भात आणि माशाचे कालवण वाढले जात असते, कोठे भाजलेला पाव आणि पातळ स्ट्यू, कोठे वाटाण्याची घुगनी, तर कोठे मोठ्या तव्यावर परतलेले चाऊमिन. संध्याकाळी हीच गर्दी फुचकावाल्याभोवती जमते. फुचका म्हणजे आपल्या पाणीपुरीची बंगाली बहीण. तिच्यात मसाला घालून कुसकरलेला बटाटा भरतात, आणि ती चिंचेच्या पाण्यात बुडवून सालवृक्षाच्या पानाच्या द्रोणात ठेवतात.

अलीकडे मोटारीतच चूल आणि ओटा बसविलेले फूड ट्रकही या शहरात दिसू लागले आहेत. तरी रस्त्यावरील जेवणाचा खरा भार हातगाडी, फुटपाथवरची शेगडी आणि डोक्यावरची टोपली यांनीच उचललेला आहे. या लेखात ‘खाद्यगाडी’ हा शब्द आम्ही या सर्वांसाठी योजला आहे, कारण साथ आली म्हणजे नगरपालिकेचा नियम या सर्वांना सारखाच लागू होतो.

रस्त्यावरचे खाणे म्हणजे केवळ जिभेचे चोचले, असा एक समज सुखवस्तू लोकांत आढळतो. त्याला उत्तर कोलकात्यातच मिळाले आहे. चित्तरंजन ॲव्हेन्यूवर १९३२ सालापासून अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. या संस्थेतील डॉ. इंदिरा चक्रवर्ती यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शहरातील रस्त्यावरच्या अन्नाचा अभ्यास केला. त्याचा वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध झाला. शहरात असे सुमारे १,३०,००० विक्रेते असावेत, असा त्यात अंदाज होता. गाडीवरील साधारण ५०० ग्रॅम वजनाच्या एका जेवणातून सुमारे १,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, असेही त्यात दिसून आले. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाची ही जवळजवळ अर्ध्या दिवसाची गरज होय. घराबाहेर इतक्या अल्प मोलात असे जेवण दुसरीकडे कोठेही मिळत नव्हते.

तेव्हा साथीच्या दिवसांत ‘सर्व गाड्या बंद’ असा हुकूम निघतो, त्या वेळी दोन चुली एकदम विझतात. एक विक्रेत्याच्या घरची आणि दुसरी त्याच्या गिऱ्हाइकाची. पुष्कळशा गिऱ्हाइकांना, विशेषतः भाड्याच्या खोलीत पाचसहा जणांनी मिळून राहणाऱ्या मजुरांना, स्वतःची चूलच नसते. उलट गाड्या तशाच चालू ठेवल्या आणि अन्नातून रोग पसरला, तर तोही प्रथम याच लोकांना गाठतो. या दोन संकटांमधून वाट काढणे हे तात्पुरत्या नियमाचे काम आहे, आणि ती वाट रोगाच्या स्वरूपाप्रमाणे बदलते.

‘तात्पुरते नियम’ हे शब्द आम्ही सहज म्हणून वापरलेले नाहीत. ते कायद्यातले आहेत. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि पुढील वर्षाच्या आरंभी तो पुण्यातही फैलावला. त्या धामधुमीत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. चार कलमांचा हा चिमुकला कायदा होता. नेहमीचे कायदे साथ आवरण्यास अपुरे पडत आहेत असे सरकारचे मत झाल्यास त्याने जाहीर सूचनेद्वारे लोकांनी पाळावयाचे तात्पुरते नियम ठरवावेत, असा अधिकार त्याने दिला. या नियमांपायी होणारा खर्च, आणि नुकसानभरपाई द्यावयाची असल्यास ती, कोणी सोसावयाची हे ठरविण्याची मुभाही त्याच कलमात आहे. मात्र या अखेरच्या शब्दांकडे नियम करणाऱ्यांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ सालच्या अधिनियमातही भयंकर रोगाच्या प्रसंगी आयुक्ताने खास उपाय योजावेत अशी तरतूद आहे. २००६ सालच्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाने तर काळाची मर्यादाच घालून दिली. लोकांच्या आरोग्यासाठी एखाद्या अन्नपदार्थाच्या विक्रीस राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्ताला मनाई करता येते. परंतु ती एक वर्षाहून अधिक काळ नव्हे.

कायदा अधिकार देतो. नियम कोणता करावा हे मात्र तो सांगत नाही. ते सांगणे रोगजंतूंचा अभ्यास करणाऱ्यांचे काम आहे. या बाबतीत कोलकात्याएवढा जुना अनुभव जगातील फार थोड्या शहरांच्या गाठी असेल.

गंगेचा त्रिभुज प्रदेश म्हणजे पटकीचे, अर्थात कॉलऱ्याचे, माहेरघर मानले जाते. १८८३ च्या डिसेंबरात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख ईजिप्तमधून तेव्हाच्या कलकत्त्यास आला. स्वल्पविरामासारखा वाकडा असा एक जंतू त्याला पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत सापडला. इटलीतील पाचिनी याने तो १८५४ सालीच पाहिला होता, पण त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नव्हते. पुढे कॉखला तोच जंतू शहरातील एका तळ्याच्या पाण्यात आढळला. तळ्याकाठचे लोक त्याच पाण्यात आंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. हा जंतू मनुष्याला मारतो तरी कसा, हे कोडे पुढे पाऊणशे वर्षे तसेच राहिले. ते १९५९ साली सोडविले याच शहरातील डॉ. शंभूनाथ डे यांनी. जंतू गाळून काढून टाकलेला द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाण्याचा पूर आणतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. याचा अर्थ असा की, जंतू एक विष बाहेर टाकतो आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओसंडून वाहू लागतात. इतक्या मोठ्या शोधाची त्या काळी व्हावी तशी वाहवा झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता हा जंतू खाद्यगाडीवर कसा चढतो ते पाहू. तो हवेतून येत नाही. रोग्याच्या विष्ठेतून तो पाण्यात जातो, आणि पाण्यातून किंवा हातातून अन्नात. गाडीच्या दृष्टीने पाणी हाच सर्वांत मोठा धोका. कोलकात्यात दीर्घकाळ दोन प्रकारचे पाणी नळांतून वाहत आले आहे. एक पलता येथे गाळून शुद्ध केलेले पिण्याचे पाणी. दुसरे रस्ते धुण्यासाठी आणि आगी विझविण्यासाठी सोडलेले हुगळीचे न गाळलेले पाणी. या दुसऱ्या पाण्याच्या तोट्या फुटपाथच्या कडेलाच असत. गाडीवाल्याने पिण्याचे पाणी दूरच्या नळावरून बादल्या भरभरून आणावयाचे, आणि हाताशी धो धो वाहणाऱ्या पाण्याने ताटल्यासुद्धा विसळावयाच्या नाहीत, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. ती पुरी होणे कठीण आहे.

पाण्यामागोमाग येतो बर्फ. गोठविल्याने पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू मरतोच असे नाही. तो निपचित पडून राहतो आणि सरबताच्या पेल्यात बर्फ वितळला की पुन्हा जागा होतो. मासळी टिकविण्यासाठी लागणारा बर्फ वाटेल त्या पाण्याचा करतात, आणि तो गाडीवर आला म्हणजे डोळ्यांना ओळखू येत नाही. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या जूनपासून यावर एक साधी युक्ती अमलात आणली. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे त्यांनी बंधनकारक केले. पेल्यात निळा तुकडा दिसला की शाळकरी पोरालाही कळावे. नियम कसा असावा याचा हा चांगला नमुना आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही.

कापून ठेवलेली फळे आणि शिजवून ठेवलेला भात यांची गोष्ट निराळी. येथे मुख्य प्रश्न वेळेचा आहे. उकळत्या अन्नात हा जंतू जिवंत राहत नाही. परंतु शिजलेला ओलसर भात कोमट होऊन चारपाच तास उघडा राहिला आणि त्यास एखाद्या दूषित हाताचा स्पर्श झाला, तर मूठभर जंतूंचे कोट्यवधी होतात. सोललेल्या कलिंगडाच्या किंवा पपईच्या फोडीचेही तसेच आहे. साल असेपर्यंत फळ सुरक्षित असते. सुरी लागली, वरून पाणी शिंपडले, माश्या बसल्या की त्याचे संरक्षण गेले. म्हणूनच पटकी किंवा अतिसाराची साथ उद्भवली की कापलेली फळे, उसाचा रस आणि उघडे सरबत यांच्या विक्रीवर प्रथम बंदी येते. ही बंदी शास्त्राला धरून आहे. परंतु तीच बंदी त्याच गाडीशेजारी उकळत्या तेलातून तेलेभाजा काढून गरमागरम कागदात बांधून देणाऱ्या बाईला लागू केली, तर तिने कोणताही रोग टळत नाही. एका कुटुंबाची मिळकत मात्र टळते.

फुचक्याचे चिंचपाणी हा या बाबतीत मोठा मनोरंजक विषय आहे. पटकीच्या जंतूला आम्लाचे वावडे असते; म्हणून तर प्रयोगशाळेत त्याची वाढ करावयाची झाल्यास अल्कधर्मी द्रव घेतात. चिंच, लिंबू, कैरी यांच्या तीव्र आंबटपणात तो फार वेळ टिकाव धरीत नाही. यावरून ‘आंबट पाणी म्हणजे निर्भय पाणी’ असा निष्कर्ष काही जण काढतात. तो धोक्याचा आहे. गिऱ्हाईक वाढले की गाडीवाला मडक्यात आणखी पाणी ओततो आणि आंबटपणा उतरतो. प्रत्येक फुचका बुडविताना त्याची बोटे, कधी मनगटापर्यंत हात, त्या पाण्यात जातो. त्याच हाताने बटाटा कुसकरलेला असतो आणि पैसेही घेतलेले असतात. शिवाय अतिसाराचे इतर पुष्कळ जंतू आम्लाला पटकीच्या जंतूइतके भीत नाहीत. तेथे क्लोरीन घालावयाचे तर तेही चिंच मिसळण्यापूर्वी, निव्वळ पाण्यात घालून अर्धा तास थांबले पाहिजे. चिंच, कोथिंबीर, मसाला यांच्याशी संयोग होऊन क्लोरीन खर्ची पडते आणि जंतू सुखरूप राहतात. अर्ध्या तासानंतर दर लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यात मोकळे उरावे, असे प्रमाण आहे.

हात पाण्यात बुडणे ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, याचा पुरावा कोलकात्याच्या वस्त्यांतूनच मिळाला. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत डॉ. देव आणि त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पटकीचा रोगी आढळलेल्या घरांचे त्यांनी गट केले. एका गटाच्या पाण्यात क्लोरीन घातले. दुसऱ्या गटाला मातीच्या सुरया वाटल्या. तिसऱ्या गटाचे पाणी होते तसेच राहू दिले. तिसऱ्या गटात रोग्याच्या सहवासातील १७.३ टक्के माणसांना जंतुसंसर्ग झाला. क्लोरीनच्या गटात हे प्रमाण ७.३ टक्के होते आणि सुरईच्या गटात अवघे ४.४ टक्के. सुरईत औषध नव्हते, गाळणी नव्हती. तिचे तोंड अरुंद होते, इतकेच. त्यातून हात किंवा पेला आत जात नाही. पाणी ओतूनच घ्यावे लागते. आपल्या आजीने उन्हाळ्यात कोपऱ्यात ठेवलेल्या सुरईने रासायनिक औषधावर मात करावी, हे वाचून कोणाला हसू येईल. परंतु आकडे स्पष्ट आहेत. हा अभ्यास घरांचा होता, गाड्यांचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही आम्हांस असे वाटते की, ‘गाडीवरील पिण्याचे व चिंचेचे पाणी तोटीच्या किंवा अरुंद तोंडाच्या भांड्यातच असावे’ हा एक नियम दहा मनाई-हुकुमांहून अधिक उपयोगी पडेल.

याच शहरात पूर्वापार चालत आलेल्या काही चालीही येथे आठवतात. चहा मातीच्या भांडात द्यावयाचा आणि पिऊन झाल्यावर ते फोडून टाकावयाचे. फुचका पानाच्या द्रोणात द्यावयाचा. एकदा वापरून टाकलेले भांडे विसळावे लागत नाही, आणि जे विसळावे लागत नाही त्याला घाणेरडे पाणीही लागत नाही. भांड स्वस्त न राहिल्यामुळे काचेचे पेले आले, तेव्हा त्यांच्याबरोबर विसळण्याची बादलीही आली.

मर्मावर नेमका घाव घालणाऱ्या स्थानिक उपायाचे प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस तेथील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीने कहर केला. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे शोधली, तेव्हा बहुतेकांनी एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी प्यायल्याचे आढळून आले. त्या भागातील एका कॉफीगृहात कामगार जेवावयास येत व त्यांना याच पंपाचे पाणी मिळे. आपली नऊ गिऱ्हाइके दगावली आहेत, असे त्या दुकानाच्या मालकिणीने ६ सप्टेंबर रोजी स्नो यांना सांगितले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे स्नो यांनीच प्रामाणिकपणे नमूद केले आहे. तरीही या उपायात शिकण्यासारखे आहे ते असे, की कॉफीगृह बंद केले गेले नाही. तेथे येणारे पाणी बंद केले गेले.

अशा नेमक्या नियमांचे फळ कधी अनपेक्षित ठिकाणी मिळते. १९९१ साली पटकीची साथ दक्षिण अमेरिकेत पसरली. पेरू देशातील पिऊरा शहरात केलेल्या चौकशीत न उकळलेले पाणी आणि रस्त्यावरील पेये यांचा रोगाशी संबंध दिसून आला. शेजारच्या चिली देशात रोग पोहोचताच सरकारने सांतियागो शहराच्या परिसरात सांडपाण्यावर भाजीपाला पिकविण्यास मनाई केली, आणि उपाहारगृहांतून कच्च्या भाज्या वाढणे बंद केले. पटकी फारशी पसरली नाही. परंतु त्याच शहरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला विषमज्वरही झपाट्याने कमी झाला. नियम पटकीसाठी केला होता. दोन्ही रोगांची वाट एकच असल्याने तो दोघांनाही आडवा आला.

मात्र वाट निराळी असेल तर काय होते, हे २०२० साली सर्व जगाने अनुभवले. कोविडचा विषाणू पाण्यातून किंवा अन्नातून पसरत नाही. तो श्वासातून पसरतो. बोलताना, खोकताना, हसताना निघणारे सूक्ष्म तुषार बंद खोलीत पुष्कळ वेळ तरंगत राहतात, आणि उघड्यावर ते लवकर विरून जातात. म्हणजे पटकीच्या दृष्टीने जी गोष्ट गौण, ती येथे प्रधान झाली. गाडीवरच्या घुगनीपेक्षा गाडीभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले दहा लोक अधिक धोक्याचे ठरले. साथीच्या आरंभी टोपल्या, नोटा आणि गाड्यांचे ओटे औषधाने पुसण्यावर जो भर दिला गेला, तो बराचसा जुन्या रोगांच्या सवयीने दिलेला होता. त्यात हातांच्या स्वच्छतेचा लाभ झाला, पण मुख्य शत्रू दुसऱ्याच वाटेने येत होता.

कोलकात्यातील त्या काळच्या नियमांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १६ मार्च २०२० रोजी पश्चिम बंगाल सरकारने १८९७ च्याच अधिनियमाखाली कोविडविषयक नियम जाहीर केले. २३ मार्चच्या संध्याकाळपासून शहर बंद झाले, आणि दोनच दिवसांत सर्व देश. धान्य, भाजी, फळे व दूध यांची विक्री चालू राहिली. रस्त्यावर शिजविलेल्या अन्नाची थांबली. आठवडाभरातच एक अडचण उभी राहिली. बंगालची मिठाई छेन्यावर, म्हणजे नासविलेल्या दुधावर, अवलंबून असते. दुकाने बंद झाल्याबरोबर खेड्यांतील गवळ्यांचे दूध ओतून देण्याची पाळी आली. तेव्हा ३१ मार्चपासून मिठाईच्या दुकानांना दुपारी १२ ते ४ या वेळात उघडण्याची परवानगी मिळाली. अट एवढीच की माल बांधून न्यावयाचा, दुकानात बसून खावयाचे नाही. या सवलतीची बाहेरच्या लोकांनी थट्टा केली. बंगाली माणसाला रसगुल्ल्यावाचून चार दिवस काढवत नाहीत, असे ते म्हणाले. पण तो नियम जिभेसाठी नव्हता. दूध काढणारा, ते वाहून आणणारा आणि भट्टीवर बसणारा, असे तिघे त्यावर जगत होते.

फेरीवाल्यांची पाळी त्यानंतर आली. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास असे ठरले की, २७ तारखेपासून फेरीवाल्यांच्या बाजारांत सम-विषम पद्धतीने दुकाने लागावीत. आज एकाने, उद्या त्याच्या शेजाऱ्याने. कल्पना चांगली होती. शेजारचा ठेला रिकामा असला की गर्दी आपोआप पातळ होते, आणि कोणाचाच धंदा पुरता बुडत नाही. परंतु त्याआधी २० मे रोजी अम्फान वादळ शहरावर आदळले. झाडे आणि विजेचे खांब पडले, आणि नियमाच्या आधी रस्ता मोकळा करण्याची वेळ आली. पुढे १ जूनला केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी प्रधानमंत्री स्वनिधी योजना सुरू केली. तीत खेळत्या भांडवलासाठी प्रारंभी १०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळत असे. ते कर्ज होते, भरपाई नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे.

दुसऱ्या लाटेत, १६ मे २०२१ पासून, पश्चिम बंगालमध्ये बाजार सकाळी ७ ते १० एवढाच वेळ उघडे राहू लागले, आणि मिठाईची दुकाने १० ते ५. यांपैकी पहिल्या अटीविषयी आम्हांस शंका वाटते. जेवढी माणसे दिवसभरात बाजारात यावयाची, तेवढीच तीन तासांत आली तर गर्दी वाढते की घटते, याचा हिशेब चौथीतील मुलगाही करील. श्वासातून पसरणाऱ्या रोगात वेळ आखडण्यापेक्षा जागा पसरणे अधिक शहाणपणाचे. एक रस्ता वाहनांस बंद करून तेथे गाड्या अंतराअंतराने उभ्या केल्या असत्या, तर शास्त्र आणि पोट दोन्ही सांभाळली गेली असती.

याच सुमारास महाराष्ट्रात निघालेला आदेश तुलनेसाठी पाहावा. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ‘ब्रेक द चेन’ या नावाने जे निर्बंध घातले, त्यांत रस्त्याकडेच्या खाद्यविक्रेत्यांस सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत धंद्यास मोकळीक होती. मात्र गाडीपाशी उभे राहून खाण्यास बंदी होती. पदार्थ बांधूनच द्यावयाचा, आणि थांबलेल्या गिऱ्हाइकांनी एकमेकांपासून अंतर ठेवून उभे राहावयाचे. या नियमामागील विचार उघड आहे. खाताना तोंडावरची मुखपट्टी काढावी लागते. खाणे घरी गेले की गाडीपाशी कोणाचे तोंड उघडे राहत नाही. वेळ मात्र तेरा तासांची होती, त्यामुळे गर्दी विखुरली जाई. वारंवार नियमभंग होत असून दंडाने भागत नसेल, तर ती जागा बंद करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस दिलेला होता. म्हणजे शिक्षा दोषी गाडीला, सगळ्या रस्त्याला नव्हे. विक्रेत्याने लस घ्यावी, आणि तोपर्यंत पंधरा दिवसांच्या आतील तपासणीचा दाखला जवळ ठेवावा, अशीही अट होती. एका तपासणीचा निर्वाळा पंधरा दिवस टिकत नाही, हे वैद्यकाच्या दृष्टीने तिचे वैगुण्य. आणि दिवसाला काही शे रुपये मिळविणाऱ्या वडापाववाल्याने दर पंधरवड्यास त्यासाठी कामाचे तास कोठून काढावयाचे, ही व्यवहाराची अडचण.

नियम मोडणारा प्रत्येक गाडीवाला बेपर्वा असतो असे मानण्याकडे अधिकाऱ्यांचा कल असतो. ‘हात साबणाने धुवावेत’ हे वाक्य भिंतीवर लिहिण्यास काही खर्च नाही. परंतु फुटपाथवर नळ नसेल, तर दिवसभरात वीस वेळा हात धुण्यास लागणारे पाणी गाडीवाल्याला डोक्यावरून आणावे लागते. ज्या चौकात पन्नास गाड्या आहेत तेथे साथीच्या काळात पालिकेने क्लोरीन घातलेल्या पाण्याची एक टाकी उभी केली, विसळण्यासाठी वेगळी तोटी दिली आणि कचऱ्याची गाडी दिवसातून दोनदा पाठविली, तर नियमाचे अर्धे काम हुकूम न काढताच होते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असावी आणि तीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत असे सांगितले आहे. पाण्याची टाकी कोणत्या कोपऱ्यावर असावी, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते.

भाषेचाही प्रश्न आहे. कोलकात्याच्या रस्त्यावर अन्न विकणाऱ्यांत बंगाल्यांप्रमाणेच बिहारमधून आलेले अनेक लोक आहेत. कचेरीत इंग्रजीत लिहिलेला आदेश त्यांच्यापर्यंत पोलिसाच्या तोंडून पोहोचतो, आणि वाटेत त्याचे ‘चलो, हटाव’ एवढेच उरते. कापलेले फळ बंद पण अखंड फळ चालू, हा भेद कोणी समजावून सांगितला तर फळवाला तो पाळू शकतो. केवळ ‘फळे बंद’ असे ऐकले तर तो संध्याकाळी दुसऱ्या गल्लीत चोरून विकतो, आणि मग तो कोणत्या पाण्याने फळ धुतो हे पाहण्यास कोणीच नसते.

राहता राहिली नियमाच्या शेवटाची गोष्ट. साथ येताना दवंडी पिटली जाते, जाताना कोणी पिटत नाही. संकटकाळी घातलेली मनाई पुढे अंगवळणी पडते, आणि साथ संपल्यावरही गाडी हलविण्यासाठी तिचाच आधार घेण्याचा मोह होतो. कोलकात्याच्या फेरीवाल्यांना १९९६ च्या नोव्हेंबरातील ‘ऑपरेशन सनशाइन’ अजून आठवते. त्या मोहिमेत प्रमुख रस्त्यांवरील त्यांचे ठेले एका रात्रीत उखडले गेले होते. त्यामुळे ‘तात्पुरते’ हा शब्द ऐकला की ते प्रथम तारीख विचारतात. १६ मे २०२१ च्या निर्बंधांत ३० मे ही अखेरची तारीख लिहिलेली होती. ती आल्यावर निर्बंध १५ जूनपर्यंत वाढविण्यात आले. पण ते वाढविण्यासाठी सरकारला रोग्यांचे आकडे पुन्हा समोर घेऊन बसावे लागले आणि नवा आदेश काढावा लागला. महाराष्ट्रातील उरलेसुरले निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास उठले.